दिल्लीत चुकलेले विमान आणि राजारामपुरीतील तिकीट-कार्यालय

कोल्हापुरातील राजारामपुरीच्या या प्रवास-कार्यालयातून गेल्या जानेवारीतील प्रवासासाठी मी माझी आणि माझ्या ७६ वर्षांच्या आईची पुणे ते मँचेस्टर अशी जाण्या-येण्याची तिकिटे काढली होती. जाताना पुण्याहून दिल्लीला नेणारे विमान जवळजवळ साडेतीन तास उशिरा पोहोचले आणि तेथून पुढे जाणारे, दुसऱ्या कंपनीचे विमान चुकले. सगळे सुरळीत पार पडले असते तर हा अभिप्राय चार ओळींत संपला असता. त्या रात्री या कार्यालयाने काय केले आणि त्यांच्याकडून काय राहून गेले, हे दोन्ही सविस्तर लिहीत आहे, कारण आपल्या भागातून परदेशी जाणाऱ्या पुष्कळांना पहिले विमान एका कंपनीचे आणि पुढचे दुसऱ्या कंपनीचे, असाच प्रवास करावा लागतो.

तिकीट काढण्याच्या वेळी मी मालकांशी बराच वाद घातला होता, हे आधी कबूल करतो. त्यांनी दोघांचे मिळून १,९१,४०० रुपये सांगितले होते आणि माझ्या मोबाइलवर, एका संकेतस्थळावर, त्याच दिवसाचा तोच मार्ग १,६८,००० रुपयांना दिसत होता. तेवीस हजार रुपयांचा फरक हा काही किरकोळ फरक नव्हे. मालकांनी माझा मोबाइल हातात घेतला, पडदा खालपर्यंत सरकवला आणि तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेली ओळ दाखवून म्हणाले, "सर, हे एक तिकीट नव्हे. दोन तिकिटं एका पाकिटात घातल्यात." त्या ओळीचा अर्थ असा होता की दिल्लीला सामान आपण ताब्यात घ्यायचे, ते पुढच्या कंपनीकडे आपणच पुन्हा द्यायचे आणि पहिले विमान उशिरा आल्यास पुढच्या कंपनीचा त्याच्याशी काही संबंध राहणार नाही.

त्यांनी देऊ केलेले तिकीटही दोन कंपन्यांचेच होते, पण ते एका क्रमांकाखाली काढलेले होते. विमानाच्या तिकिटाचा क्रमांक तेरा अंकी असतो आणि त्यातील पहिले तीन अंक हे तिकीट कोणत्या कंपनीच्या नावावर निघाले आहे ते सांगतात. आमच्या तिकिटावर ते अंक दिल्लीहून पुढे नेणाऱ्या आखाती कंपनीचे होते. पुणे–दिल्ली हा टप्पा मात्र एक देशी कंपनी उडवणार होती. दोन कंपन्यांमध्ये इंटरलाइन करार, म्हणजे एकमेकींचे प्रवासी आणि सामान स्वीकारण्याचा करार, असेल तरच असे तिकीट निघते. अशा वेळी सामान पुण्यालाच मँचेस्टरपर्यंत जमा होते आणि एका टप्प्याच्या उशिरामुळे पुढचा टप्पा चुकला तर प्रवाशाला जादा भाडे न आकारता पुढे पोहोचवण्याची जबाबदारी त्या कंपन्यांवर राहते. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून निघता येईल का, असेही मी विचारले होते. आपल्या विमानतळावरून मुंबई, हैदराबाद, बंगळूर अशी विमाने आहेत. परंतु आमच्या तारखेला वेळा जुळणारे आणि या आखाती कंपनीच्या तिकिटावर बसणारे विमान त्यांना सापडले नाही. मुंबईपर्यंत गाडीने जायचे तर पावणेचारशे किलोमीटर आणि तेही आईच्या गुडघ्यांसह. म्हणून पुणे ठरले. एवढे सगळे ऐकूनही तेवीस हजार रुपये मनातून जात नव्हते आणि पैसे भरताना माझा चेहरा फारसा प्रसन्न नसावा.

प्रवासाच्या दिवशी आम्ही पहाटे साडेपाचला कोल्हापूर सोडले. महामार्गाचे काम, वळवलेली वाहतूक आणि कात्रजपासून पुढची गर्दी यांचा हिशेब धरून निघालो होतो, त्यामुळे लोहगावला वेळेत पोहोचलो. पुण्याचे विमान दुपारी अडीचला सुटून पावणेपाचला दिल्लीत पोहोचणार होते आणि पुढचे विमान रात्री आठ वाजून पाच मिनिटांनी होते, म्हणजे मध्ये तीन तास वीस मिनिटे. कागदावर हे अंतर पुरेसे दिसते. जानेवारीत मात्र दिल्लीवर पहाटे धुके उतरते, सकाळची विमाने अडकतात आणि तेच विमान दिवसभर तीन-चार गावे करत असल्याने सकाळचा उशीर दुपारपर्यंत साचत येतो. पुण्यात लख्ख ऊन असताना आमच्या पुढ्यातील फलकावर विमानाची वेळ आधी साडेतीन, मग साडेचार आणि शेवटी पावणेसहा अशी सरकत गेली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर झाला तर खाणे-पिणे द्यावे लागते. ते मागितल्यावर मिळाले. न मागणाऱ्यांना मिळाले नाही.

साडेतीन वाजता मी कार्यालयाला फोन केला. कामावरच्या मुलीने "सर, विमानतळावर विचारा," एवढे सांगून फोन ठेवला आणि मी मनात जे काही म्हणालो ते इथे लिहिण्यासारखे नाही. दहा मिनिटांनी मालकांचा स्वतःहून फोन आला आणि त्यानंतरचे पाऊण तास ते माझ्याशी बोलत होते किंवा कोणाला तरी लिहीत होते. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की विमानात बसण्याआधीच देशी कंपनीच्या काउंटरवर जाऊन पुढचे विमान आठ पाचचे आहे हे सांगायचे आणि आमच्या आरक्षणात तशी नोंद करून घ्यायची. याचे कारण मला नंतर कळले. पुढच्या कंपनीच्या दृष्टीने दारावर न पोहोचलेला प्रवासी हा फक्त गैरहजर असतो. तो का आला नाही हे तिच्या यंत्रणेला आपोआप समजत नाही, आणि गैरहजर अशी नोंद पडली की त्या तिकिटावरचे उरलेले सगळे टप्पे, परतीच्या प्रवासासकट, आपसूक रद्द होऊ शकतात. म्हणजे जाताना चुकलेले विमान सहा आठवड्यांनंतरचे येण्याचे आरक्षणही घेऊन बुडते.

त्या काउंटरवर आणखी एक गोंधळ झाला. मी तिकिटावर छापलेला सहा अक्षरी पीएनआर सांगितला आणि तेथील कर्मचाऱ्याने असा पीएनआर आमच्याकडे नाहीच, असे सांगितले. आई घाबरली; मीही थोडा घाबरलो. वस्तुतः एजंटाच्या आरक्षण-यंत्रणेतील क्रमांक वेगळा, आखाती कंपनीचा वेगळा आणि देशी कंपनीचा आणखी वेगळा असतो. मालकांनी लगेच तिन्ही क्रमांक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. ते आधीच तिकिटाच्या कागदावर लिहून द्यायला हवे होते, ही माझी त्यांच्याविषयीची पहिली तक्रार आहे, आणि ती मी त्यांना तोंडावर सांगितलेली आहे.

आमचे विमान रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी दिल्लीत उतरले. आखाती कंपनीचे विमान पाच मिनिटांपूर्वी निघून गेले होते.

पुढचे दोन तास दोन काउंटरांमध्ये चाललेल्या टोलवाटोलवीत गेले. देशी कंपनीचे म्हणणे असे की तिकीट आखाती कंपनीच्या नावावर आहे, तेव्हा बदल तिनेच करायचा. आखाती कंपनीचे म्हणणे असे की उशीर देशी कंपनीने केला, तेव्हा पुढची सोय तिने करायची. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते, हीच त्यातली अडचण होती. इंटरलाइनच्या प्रथेप्रमाणे ज्या कंपनीमुळे जोडणी चुकली तिने प्रवाशाला पुढे पाठवण्याची व्यवस्था करणे अपेक्षित असते. पण नवे तिकीट छापण्याचा अधिकार सहसा ज्या कंपनीच्या नावाचे तिकीट आहे तिच्या हाती असतो, आणि काउंटरवर रात्रपाळीला बसलेल्या मुलाला या दोहोंतले काहीच ठामपणे माहीत नसते. आई चाकांच्या खुर्चीत बसून हे सगळे पाहत होती. खुर्ची ढकलणारा मदतनीस दर वीस मिनिटांनी, त्याची पाळी संपत आल्याची आठवण करून देत होता.

त्याच रांगेत जयसिंगपूरचा एक तरुण भेटला. आमचे बोलणे ऐकून "कोल्हापूरचे काय?" असे विचारत पुढे आला. तोही आमच्याच विमानाने पुण्याहून आला होता आणि त्याचेही पुढचे विमान गेले होते. फरक एवढाच की त्याने दोन तिकिटे वेगवेगळी काढली होती. देशी कंपनीने त्याला सांगितले, आम्ही तुम्हाला दिल्लीला आणले, आमचे काम झाले. पुढच्या कंपनीने सांगितले, तुम्ही आला नाहीत, तिकीट बाद. दोन्ही उत्तरे नियमाला धरून होती. त्याने आमच्यासमोर उभ्या उभ्या एकट्याचे, एका बाजूचे नवे तिकीट काढले आणि ते आमच्या तेवीस हजारांच्या दुपटीहून महाग पडले. मला स्वतःच्या शहाणपणाचे कौतुक वाटावे असे काही त्यात नव्हते, कारण तीन महिन्यांपूर्वी तेच पाकीट मीही विकत घ्यायला निघालो होतो.

साडेनऊच्या सुमारास मी मालकांना पुन्हा फोन लावला. ते गडहिंग्लजला एका साखरपुड्यात होते आणि मागे ध्वनिक्षेपकावर चाललेल्या सूचना मला स्पष्ट ऐकू येत होत्या. तरीही लॅपटॉप त्यांच्या गाडीत होता. त्यांनी गाडीत बसून आरक्षण उघडले, दिल्ली–मँचेस्टरचे टप्पे अजून वापरण्याजोगे आहेत, गैरहजेरीची नोंद पडलेली नाही, याची खात्री केली आणि मला फोन आखाती कंपनीच्या पर्यवेक्षिकेच्या हातात द्यायला सांगितले. ते तिच्याशी हिंदीत, अतिशय अदबीने, पण एकही मुद्दा न सोडता बोलले: पहिल्या टप्प्याचा उशीर, पुण्याला करून घेतलेली नोंद, तिची वेळ, तिकिटाचे पहिले तीन अंक आणि हा बदल प्रवाशाच्या इच्छेने होत नसल्याने त्यावर दंड किंवा भाड्यातील फरक लागू होत नाही, ही बाब. माझ्याशी तासभर "सर, थोडा वेळ बसा" एवढेच बोलणाऱ्या त्या बाईंनी पंधरा मिनिटांत नवे तिकीट काढून दिले. तोच मजकूर मी सांगितला असता तर काम झाले असते का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटते, झाले नसते. कोणता शब्द उच्चारल्यावर समोरचा माणूस फाईल उघडतो, हे ज्याला रोज त्या खिडकीशी झगडावे लागते त्यालाच ठाऊक असते.

पहाटे चारच्या विमानात दिल्लीहून जागा होती, पण आखातातून मँचेस्टरला जाणारे पुढचे विमान भरलेले होते. पर्यवेक्षिकेने एका युरोपीय शहरातून जाण्याचा दुसरा मार्ग सुचवला आणि मी जवळजवळ होकार दिला होता. मालकांनी फोनवरूनच तो थांबवला. काही देशांत भारतीय पासपोर्टवर नुसते विमान बदलायलाही वेगळा व्हिसा लागतो आणि आमच्याकडे फक्त ब्रिटनचा व्हिसा होता. तो तपास रात्री दहा वाजता, गडहिंग्लजच्या रस्त्यावर उभे राहून करणे त्यांना धोक्याचे वाटले. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशीचे रात्रीचे आठ पाचचेच विमान घ्या, असा त्यांनी सल्ला दिला. मुक्कामाचा खर्च अंगावर आला, पण अनोळखी विमानतळावर व्हिसाअभावी अडवले जाण्यापेक्षा तो परवडला.

मुक्कामाच्या खर्चाबद्दल दोन्ही कंपन्यांनी हात वर केले. एकीने धुक्याकडे बोट दाखवले, दुसरीने पहिलीकडे. हवामानामुळे झालेल्या उशिराला नुकसानभरपाई द्यावी लागत नाही, हे नियमात आहेच. निवासाबद्दल मी बरेच भांडलो आणि शेवटी महिपालपूरच्या एका हॉटेलात ४,२०० रुपये भरून झोपलो. मात्र विमानतळ सोडण्याआधी देशी कंपनीकडून उशिराचे कारण आणि वेळ लिहिलेले पत्र घ्या, ते मिळाल्याशिवाय बाहेर पडू नका, असे मालकांनी बजावून सांगितले होते. ते पत्र मिळवायला आणखी चाळीस मिनिटे गेली. आमच्या प्रवास-विम्यात जोडणीचे विमान चुकण्याचे कलम होते आणि त्या पत्राच्या आधारे परत आल्यावर मुक्काम व जेवण यांचे बहुतेक पैसे मिळाले. विम्याचा अर्जही कार्यालयानेच भरून दिला आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

आता ज्या गोष्टी त्यांच्याकडून निसटल्या त्यांच्याविषयी लिहितो. तिकीट नव्याने काढले की आधीच्या तिकिटावर नोंदवलेल्या विशेष मागण्या आपोआप पुढे जातीलच असे नसते. त्या पुन्हा नोंदवाव्या लागतात. आईची चाकांची खुर्ची आणि तिचे कांदा-लसूण नसलेले जेवण, दोन्ही नव्या तिकिटावर नव्हते. खुर्चीची व्यवस्था दुसऱ्या दिवशी काउंटरवर कशीबशी झाली, जेवणाची झाली नाही. आईने आखातापर्यंतचा आणि तेथून मँचेस्टरपर्यंतचा प्रवास घरच्या दशम्यांवर केला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत कार्यालयाकडे ही नोंद करायला पूर्ण दिवस होता. मी विचारले तेव्हा मालकांनी सबब सांगितली नाही, "राहिलं सर, माझी चूक," असे म्हणाले. मला ते आवडले, आईला मात्र त्याचा काही उपयोग नव्हता.

सामानाचेही तसेच. चार नगांपैकी तीन मँचेस्टरला आमच्याबरोबर पोहोचले आणि चौथा, ज्यात भावासाठी नेलेल्या चपला, गूळ आणि वर्षभराचा मसाला होता, तो दिल्लीतच राहिला. पुण्याला दिलेल्या दहा अंकी पट्टीच्या पावत्या मी जपून ठेवल्या होत्या, त्यामुळे मँचेस्टरला शेवटच्या कंपनीच्या काउंटरवर तक्रार-नोंद करता आली आणि बॅग तिसऱ्या दिवशी घरपोच आली. माझ्या मते दिल्लीत नवे तिकीट हाती आल्यावर सामानाच्या पट्ट्या नव्या विमानाशी जोडल्या आहेत का, हे विचारायला मला सांगायला हवे होते. १९९९ च्या माँट्रियल कराराप्रमाणे उशिरा आलेल्या सामानाबद्दलची लेखी तक्रार सामान ताब्यात मिळाल्यापासून २१ दिवसांत आणि मोडतोडीबद्दलची ७ दिवसांत करावी लागते. भारत २००९ पासून या करारात आहे. ही माहिती मला भावाने दिली, कार्यालयाने नव्हे.

माझा सर्वांत मोठा आक्षेप मात्र त्या तीन तास वीस मिनिटांवरच आहे. त्याच दिवशी पुण्याहून सकाळचे एक विमान होते, जे त्याच तिकिटावर बसत होते आणि त्याला माणशी साधारण दोन हजार रुपये अधिक पडले असते. हे मला परत आल्यावर कळले. मालकांचे म्हणणे असे की मी तेवीस हजारांसाठी एवढा भांडत होतो की आणखी चार हजार सांगण्याचे त्यांना धैर्य झाले नाही, आणि शिवाय सकाळचे विमान म्हणजे आईला रात्री एक वाजता कोल्हापुरातून निघावे लागले असते. दोन्ही खरे आहे. तरीही जानेवारीत दिल्लीमार्गे पाठवताना धुक्याचा धोका ग्राहकाला सांगणे आणि मग निर्णय त्याच्यावर सोपवणे, एवढे तिकीट विकणाऱ्याचे काम आहे. किमान जोडणी-वेळेच्या नियमात ते अंतर बसत होते, एवढ्याने ते पुरेसे ठरत नाही.

बिलाबाबतही सुधारणेला जागा आहे. सेवाशुल्क भाड्यात मिसळून एकच आकडा दिला जातो. मी मागितल्यावर वेगळे बिल मिळाले आणि त्यात शुल्क माणशी १,२०० रुपये निघाले. त्या रात्रीच्या कामाकडे पाहता ते मला स्वस्त वाटते, पण मागितल्याशिवाय ते दिसू नये हे बरोबर नाही. शिवाय हे कार्यालय सध्या एका माणसावर चालते. बाकीचे कर्मचारी तिकीट छापून देण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाहीत, आणि मालक त्या संध्याकाळी आजारी असते किंवा त्यांच्या फोनला गडहिंग्लजला रेंज नसती तर आमचे काय झाले असते, हा प्रश्न मी त्यांनाही विचारला आहे. एका मुलाला आरक्षण-यंत्रणेचे प्रशिक्षण देत आहोत, असे त्यांनी सांगितले.

पाचपैकी चार तारे देत आहे. एक तारा आईच्या जेवणाचा आणि त्या सकाळच्या विमानाचा कापला आहे.

परतीच्या प्रवासासाठी मी मँचेस्टरहूनच फोन करून दिल्लीतले अंतर वाढवून घेतले. जाताना झालेल्या गोंधळामुळे आखाती कंपनीने हा बदलही फरक न घेता करून दिला आणि दिल्लीला उतरणे व पुण्याचे विमान यांच्यामध्ये साडेसहा तास मिळाले. त्या दिवशी दिल्लीत धुक्याचा मागमूस नव्हता, विमान वेळेच्या बारा मिनिटे आधी उतरले, आणि ते साडेसहा तास लोखंडी बाकावर बसून काढावे लागल्याबद्दल आईने ना मालकांना बोल लावला ना कंपनीला. कोल्हापूर येईपर्यंत ती मलाच बोलत होती.